गजराची गुलाबाई

भाद्रपदातला पाऊस उघडला आणि चार दिवसांत भुईमुगाच्या वावराची माती आवळायला लागली. एकोणीसशे एकोणसाठ साल. ब्राह्मणपुरीत सगळ्यांचाच भुईमूग एकदम काढणीला आला होता, आणि दरसाल मजुरीला डोंगरातून उतरणारी माणसं यंदा आपापल्या पाड्यावरच्या मक्यात अडकली होती. लोटन पाटील दोनदा तळोद्यापर्यंत जाऊन आला आणि गोवाल नावाच्या एकाच गड्याला घेऊन परतला. माती आणखी आवळली तर झाड उपटताना शेंगा खालीच तुटून राहणार. पाऊस परत आला तर त्यांना जमिनीतच कोंब फुटणार. म्हणून लोटन, त्याची बायको तापीबाई, त्यांची बारा वर्षांची गजरा आणि गोवाल असे चौघं दिवस उगवायच्या आत वावरात उतरायचे.

वाकायचं, झाड बुडाशी मुठीत धरायचं, जरा पीळ द्यायचा आणि ओढायचं. झटकून माती पाडायची आणि झाड मागे टाकायचं. तिसऱ्या दिवशी गजराच्या तळहाताचे फोड फुटले. तापीबाईनं त्यांवर हळद-तेल चोपडलं आणि वर चिंधी बांधून दिली. पण गजराची अडचण हाताची नव्हती. तिच्या कमरेला जुन्या धोतराची एक लांब पट्टी बांधलेली असायची आणि पट्टीचं दुसरं टोक तिच्या धाकट्या भावाच्या मुठीत असायचं.

दोधू आठ वर्षांचा. दिसायला देखणा, केस कुरळे. पण तो कुणाच्या तोंडाकडे बघत नसे आणि हाक मारली तर वळत नसे. पायाच्या चवड्यांवर चालायचा, डोळ्यांसमोर बोटं नाचवायचा, हाती आलेली प्रत्येक वस्तू आधी हुंगायचा. शेंगा दिल्या तर त्यांची ओळ लावत बसायचा, आणि त्या ओळीतली एक कुणी उचलली की अशी किंकाळी फोडायचा की बैल कान टवकारायचे. वाहतं पाणी दिसलं की सुसाट पळायचा. त्याला नवस झाले होते, डोंगरातल्या भगताकडे दोन वेळा नेऊन आणलं होतं, शहाद्याच्या डॉक्टरनं जीभ बघून सांगितलं होतं की जीभ चांगली आहे. मग सगळ्यांनी नाद सोडला आणि दोधू गजराच्या वाट्याला आला. तसं कुणी ठरवलं नव्हतं. एके सकाळी ती शाळेत गेली नाही, दुसऱ्या दिवशीही गेली नाही, आणि तिसरीचं पुस्तक कणगीमागे पडून राहिलं.

त्या दिवसांत गुलाबाई बसलेली होती. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मातीची गुलाबाई आणि तिचा नवरा गुलोजी घरोघरच्या देवळीत बसतात. दिवेलागणीला गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन या घरातून त्या घरात जातात, गाणी म्हणतात, आणि प्रत्येक घरी डब्यात झाकून ठेवलेला खाऊ ओळखतात. ओळखला तर मिरवतात, नाही ओळखला तर हरतात. वावरातून परतताना गजराचे पाय दुखत असायचे, पण टिपऱ्यांचा पहिला आवाज गल्लीत उठला की दुखणं कुठल्या कुठे जायचं. हातपाय धुऊन, केसांना पाणी लावून ती निघायची. मागे पट्टी धरून दोधू.

आठव्या दिवशी मुली दगूबाईच्या घरी होत्या. दगूबाईचं घर समोरच, आणि तिची रंजना गजराच्याच वयाची. गजरा उंबऱ्याशी आली तशी दगूबाई पुढे झाली.

"पोरी, राग नको धरू," ती हळू आवाजात म्हणाली. "तू मझार ये. पन त्याले बाहेरच ऱ्हाऊ दे. मांगला सालनी मूर्ती आठवस ना?"

गजराला चांगलंच आठवत होतं. दोधूनं गुलाबाई हुंगायला उचलली होती, तेवढ्यात तेरा मुलींच्या टिपऱ्या एकदम कडकडल्या आणि त्यानं दोन्ही हात कानांवर दाबले. मूर्ती खाली पडून तिचे तीन तुकडे झाले होते.

"मंग त्याले कोन धरी, काकी?" गजरा म्हणाली.

दगूबाई आत वळली. गजरा ओट्यावरच उभी राहिली. आत गाणं सुरू झालं. टिपऱ्यांचा आवाज वाढला तसा दोधू कुंथायला लागला, तेव्हा ती त्याला ओट्याच्या पार टोकाला घेऊन गेली आणि तिथून, भिंतीकडे तोंड करून, आतल्या मुलींबरोबर गाणं म्हणू लागली. सगळी गाणी तिला पाठ होती. खाऊ ओळखायची वेळ झाली तशी तिनं ओट्यावरूनच ओरडून सांगितलं, "खोबरानी वडी." कुणी ऐकलं नाही. थोड्या वेळानं रंजना दाराशी आली आणि तिच्या हातावर दोन वड्या ठेवून गेली. खोबऱ्याच्याच होत्या. गजरानं त्या दोन्ही दोधूला दिल्या. त्यानं हुंगून खाली टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं तापलं की वावरात उभं राहिलं तरी घाम मानेवरून पाठीत उतरत होता. लोटन आणि गोवाल बांधाकडच्या ओळी घेत होते. तापीबाई गजराच्या दोन ओळी पलीकडे होती. कंबर सरळ करायला ती उभी राहिली, आणि तिला दिसलं की गजराच्या मागे पट्टी नुसतीच मातीतून फरफटतेय.

"दोधू कोठे शे?"

गजरानं झाड उपटलं, झटकलं, मागे टाकलं. "माहीत नही मले."

"माहीत नही म्हंजे? तुन्हा हातमा व्हता ना?"

"मी सोडी दिधा त्याले."

तापीबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पोरगी पुढच्या झाडाला हात घालत होती. मग तापीबाईनं नवऱ्याच्या दिशेनं अशी हाक दिली की गोवालनं हातातली टोपली टाकली. लोटन पळाला तो थेट विहिरीकडे. विहिरीला कठडा नव्हता. दोधू थारोळ्याच्या कडेला पालथा पडला होता आणि मोटेच्या चामड्यातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बोटं धरून हसत होता. विहिरीचं तोंड तिथून हातभर अंतरावर.

लोटननं त्याला मनगटाला धरून ओढत आणलं. पोरगा हिसके देत होता, किंचाळत होता. लोटनचा चेहरा पांढरा पडला होता. गजरासमोर येऊन त्यानं हात उगारला. तापीबाई मध्ये आली.

"सकायपाईन संध्याकायलोंग मीच का?" गजरा म्हणाली. "बाकीन्या पोरी गुलाबाई खेयतीस. मी ओटावर उभी. मले एक दिन बी नही. मी काय करेल शे?"

लोटनचा हात खाली आला. दोधू मनगट सोडवून घेण्यासाठी बापाच्या हाताला चावला, आणि लोटननं हात सोडला तसा जमिनीवर डोकं आपटू लागला. गजरा त्याच्या बाजूला, पण जरा लांब, मातीत बसली. त्याच्याकडे न बघता सावकाश म्हणू लागली, "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा." चोकपर्यंत येईतो डोकं आपटणं थांबलं. "बे दाहे," गजरा म्हणाली आणि थांबली.

"वीस," दोधू म्हणाला, मातीकडे बघून.

हे तापीबाईनं शंभरदा पाहिलं होतं. आज ती तिथेच उकिडवी बसली.

"काय म्हनस तू त्याले? ते मले शिकाड."

"तुले कसाले?"

"तू घर नही ऱ्हायनी ते मी काय म्हनसू त्याले?"

गजरानं आईकडे पाहिलं. आई थट्टा करत नव्हती.

"बेना पाढा शे," ती म्हणाली. "म्हन. बे एके बे."

त्या दिवसापासून भुईमुगाच्या ओळीत पाढा सुरू झाला. तापीबाईला अक्षर येत नव्हतं. ती झाडाला झाड जोडून मोजायची, एकेका उपटीला एकेक आकडा. चोकपर्यंत नीट जायची, पाचाला अडखळायची, सकला गडबडायची आणि सत्तेला हमखास बुडायची.

"बे सत्ते तेरा."

"चौदा, माय."

"तेराच बरं व्हतं," तापीबाई म्हणायची आणि पुन्हा एकपासून धरायची. पलीकडे गोवाल ऐकता ऐकता हसायचा. तिसऱ्या दिवशी तोही दहापर्यंत म्हणायला लागला.

गजरानं बाकीचंही सांगितलं. सांगताना तिला इतकं सुचायला लागलं की तिचं तिलाच नवल वाटलं. मनगट धरायचं नाही, आपल्या अंगावरचं कापड त्याच्या मुठीत द्यायचं. डोक्याला हात लावायचा नाही. दोनापेक्षा जास्त शब्द एका वेळी बोलायचे नाहीत. भाकरी मोडून द्यायची, पण चतकोरच, आणि कडेचा भाग त्याच्याकडे. तो ओरडायला लागला तर आपण खाली बसायचं. पळाला तर नावानं हाक मारत मागे धावायचं नाही, त्यानं आणखी जोरात पळतो. बाजूनं धावायचं आणि पुढे जाऊन उभं राहायचं.

"इतलं तुले कोनी सांगं?" लोटननं विचारलं.

"कोनीच नही," गजरा म्हणाली.

लोटन काही वेळ हातातल्या झाडाची माती झटकत राहिला, माती संपली तरी.

संध्याकाळी लोटननं आपल्या उपरण्याचं टोक पोराच्या हाती दिलं. दोधूनं ते हुंगलं आणि टाकलं. लोटननं पुन्हा दिलं. चौथ्या वेळी घामाचं उपरणं काढून त्यानं गजराच्या कमरेची पट्टीच स्वतःच्या कमरेला बांधली, तेव्हा पोरगा मागे आला. बांधापर्यंत गेले आणि परत आले. लोटन मागे न बघता ताठ चालत होता, लग्नातल्या नवरदेवासारखा. तापीबाईनं तोंडाला पदर लावला. गजरा मात्र खदखदून हसली, आणि आपण किती दिवसांनी हसलो हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

मंगळवारी तापीबाई गाडीनं शहाद्याच्या बाजाराला गेली आणि मातीची गुलाबाई घेऊन आली. हिरवं लुगडं, पिवळी चोळी, मांडीवर इवलासा गणपती. दोधूचा हात पुरणार नाही अशा उंच देवळीत ती बसवली. गजरा रात्री जेवताना, सकाळी भांडी घासताना, पुन्हा पुन्हा वर बघत होती.

"शनवारले आपला घर," तापीबाई म्हणाली.

"पोरी येतीस का?"

तोच प्रश्न होता. तीन वर्षं त्यांच्या घरात कुणाची पोर आली नव्हती. शुक्रवारी तापीबाई वावरातून आली ती तशीच, पायांवरची माती न धुता, गल्लीत निघाली. नऊ घरं. प्रत्येक दाराशी तिनं तेच सांगितलं: उद्या आमच्याकडे गुलाबाई आहे, पोरीला धाडा, दोधू घरात नसेल. काही जणी लगेच हो म्हणाल्या. काही जणी बघू म्हणाल्या. एकीनं तर पाट दिला आणि वर आपल्या पोरीला मागच्या साली लागलेल्या धसक्याची गोष्ट पुरी ऐकवली. तापीबाईनं ती ऐकून घेतली. दगूबाईच्या दारात ती ओट्याच्या पायरीवरच थांबली.

"मन्ही पोर तुन्हा ओटावर उभी ऱ्हायनी," ती म्हणाली. "तुन्ही पोर मन्हा घरमा बसाले धाड."

दगूबाईनं मान खाली घातली. "धाडसू," ती म्हणाली.

शनिवारी दुपारपासून गजरा कामाला लागली. तिनं घर दोनदा सारवलं. पहिलं वाळायच्या आत दुसरं सुरू केलं म्हणून आईचे बोल खाल्ले. केसांना तेल लावलं. दिवाळीचा जांभळा परकर काढला, तो वीतभर आखूड झाला होता, पण तिनं तोच घातला. खाऊ तापीबाईनं एकटीनं केला, दार लावून, आणि गजरालाही सांगितला नाही. डबा ओल्या फडक्यात असा गुंडाळला की हलवला तरी आतून आवाज येऊ नये.

दिवस कलला तसा लोटन पट्टी कमरेला बांधून उभा राहिला. "चाल," तो दोधूला म्हणाला, एकच शब्द. गावाच्या कडेला त्याचं खळं होतं. वाळत घातलेल्या शेंगा झाकायच्या होत्या, गोवाल तिथेच होता. बापलेक गल्लीतून निघाले. गजरा दारातून बघत राहिली. वळणापर्यंत दोधूनं पट्टी सोडली नाही.

मुली आल्या. आधी रंजना, मग शोभा आणि तिची बहीण, मग एकदम आठ जणी. गजरानं मोजलं, अकरा. मागच्या दाराशी दोन आयाही येऊन बसल्या, दगूबाई त्यांतली एक. दिव्यात तेल पडलं, टिपऱ्या निघाल्या. पहिलं गाणं गजरानं धरलं. यजमानीण तीच होती. दुसऱ्या कडव्याला ती मोकळ्या आवाजात गाऊ लागली, भिंतीकडे न वळता, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत, आणि टिपऱ्या अशा कडाडल्या की वरची गुलाबाई थरथरली. कुणाला गप्प करायचं नव्हतं, कुणाच्या कानांवर हात ठेवायचे नव्हते. तिचे गाल तापले. तिसऱ्या गाण्याला तिनं लय वाढवली. शोभाची टिपरी चुकली, सगळ्या हसल्या, पुन्हा पहिल्यापासून.

चौथं गाणं अर्ध्यावर असताना गल्लीत पावलं धडधडली. गोवाल दारात उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"पोऱ्या नालाकडे गया," तो म्हणाला. "पाटील मांगे गया. अंधार पडी ऱ्हायना."

नाल्याला अजून पावसाचं पाणी होतं, कमरेएवढं. गजराच्या हातातल्या टिपऱ्या खाली पडल्या. ती उठली, दोन मुलींना ढकलून दाराकडे झेपावली. तापीबाईनं तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तिला खाली दाबलं. जोरात दाबलं, गुडघे शेणाच्या जमिनीवर आपटले.

"बस."

"माय, तो पानीमा..."

"बस म्हन्तं ना. आज तो मन्हा शे."

तिनं लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि गोवालच्या पुढे धावत सुटली. गल्लीत तिची पावलं ऐकू आली, मग ऐकू येईनाशी झाली.

गजरा गुडघ्यांवर बसून दाराकडे बघत होती. तिचे पाय आपोआप उठू पाहत होते, आणि ती ते दाबून धरत होती. आई बाजूनं धावेल का? आईला सांगितलं होतं, पण घाईत आठवेल का? दगूबाई उठून आली आणि पडलेल्या टिपऱ्या उचलून तिच्या मांडीवर ठेवल्या.

"म्हन," ती म्हणाली. "तुन्ही मायनी तुले बसाडेल शे. म्हन."

गजरानं म्हटलं नाही. रंजनानं सुरुवात केली, बारीक आवाजात, टिपऱ्यांशिवाय. मग शोभा. गजराचे ओठ हलले. एक गाणं झालं, दुसरं झालं. दुसरं संपताना तिच्या लक्षात आलं की मधल्या चार ओळी ती नाल्याचं पाणी विसरली होती. तिला धस्स झालं. पण गाणं थांबलं नव्हतं, आणि तिनं पुढची ओळ घेतली.

मग मुली डब्याभोवती जमल्या. "ओला का सुका?" शोभानं विचारलं. गजरालाच माहीत नव्हतं. तिनं डबा हलवला, हुंगला, कान लावला. यजमानणीलाच खाऊ ठाऊक नाही म्हटल्यावर गलका झाला. लाडू. सांजोरी. करंजी. गूळ-शेंगदाणे. चुरमा. सगळ्या एकदम बोलू लागल्या आणि गजराही त्यांच्याबरोबर ओरडू लागली, "दशम्या. गोड दशम्या." त्या गलक्यात दारात माणसं आली ते कुणाला कळलं नाही.

तापीबाई कमरेपर्यंत भिजलेली होती. तिच्या पदराचं टोक दोधूच्या मुठीत होतं आणि दोधूच्या केसांतून पाणी गळत होतं. मागे लोटन, एका पायातली वहाण गेलेली. मुली बाजूला सरकल्या. गजरा उठली, पण पुढे गेली नाही.

"शेंगा झाकाले वाकनू," लोटन म्हणाला. तो गजराशी बोलत होता, मोठ्या माणसाशी बोलावं तसं. "तितलामा गया. चूक मन्ही शे."

तापीबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता. "मधला दगडवर बसेल व्हता. हात लांबा करा ते आखो मझार सरके. मंग मी पानीमाच उभी ऱ्हायनू आनि म्हनू लागनू. बे एके बे." तिनं श्वास घेतला. "सत्तेले अडकनू. काही केल्या आठवेना. त्यानीच सांगं. चौदा. आनि उठीसन मन्हाकडे उना."

दगूबाईनं कोरडं लुगडं आणायला घराकडे धाव घेतली. तापीबाईनं डब्याकडे पाहिलं.

"वयखं का कोनी?"

"नही," अकरा जणी म्हणाल्या.

"मंग हारन्यात. उघाड, गजरा."

गंगाफळाच्या, लाल भोपळ्याच्या पुऱ्या होत्या, गुळातल्या, अजून कोमट. गजरानं सगळ्यांच्या हातावर ठेवल्या. दोधूला द्यायला ती वळली, तर लोटननं तिच्या हातातून पुरी घेतली, तिचा चतकोर मोडला आणि कडेचा भाग पोराकडे करून धरला. दोधूनं हुंगून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गजराला जाग आली तेव्हा ऊन कौलांतून खाली आलं होतं. ती दचकून उठली. शेजारची गोधडी रिकामी होती. ती तशीच, केस सुटलेले, अंगणात धावली. बैलगाडी नव्हती. चुलीपाशी आई भाकरी फडक्यात बांधत होती.

"तुन्हा आप्पा आनि दोधू वावरमा गयात," तापीबाई म्हणाली. तिचा आवाज थंडीनं बसला होता. "मी बी जाई ऱ्हायनू. तू दुपारले ये. तवलोंग तुन्हं तू देख."

ती पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. गजरा अंगणात उभी राहिली. तिनं अंगण झाडलं. ते आधीच झाडलेलं होतं. कमरेला हात लावून बघितला. मग केस बांधले आणि समोर गेली. रंजना ओट्यावर दात घासत होती.

"दोधू कोठे शे?" रंजनानं विचारलं.

"आप्पासंगे, वावरमा."

"मंग आते काय करसूत?"

हे गजराला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं गल्लीत दोन्हीकडे बघितलं. गल्ली रिकामी होती, ओल्या मातीवर ऊन पसरलं होतं.

"पयूत," ती म्हणाली.

"कोठे?"

रंजना चूळ भरून खाली उतरेपर्यंत गजरा पळत मारुतीच्या पारापर्यंत पोचली होती.